जिवाच्या रकान्यात गिरजाबाई

७ डिसेंबर

पुन्हा लाल ओळ! दुपारी फाइल स्वच्छ करून जेवायला उठले, परत येऊन पाहते तर मामाजींनी — म्हणजे माझे सासरे मधुकरराव, रिटायर कृषी सहायक, ऐकणं शून्य — सगळ्यात वर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ टाईप करून ठेवलेलं. तपासणीचं सॉफ्टवेअर पहिल्याच ओळीला आडवं झालं.

म्हटलं, मामाजी, पहिली ओळ ठरलेली असते, तिच्या वर काहीच चालत नाही.

‘गणपतीच्या वर कोन हाये?’

‘जिनिव्हावाले,’ मी म्हटलं. नियम तिथूनच येतात.

‘त्याईच्या पोरीबाळीईचे लग्न होत नाही का? पत्रिका कशी छापतात मंग?’

काढून टाकलं. संध्याकाळी पुन्हा होतं.

८ डिसेंबर

सानगडीत सगळ्यांना वाटतं मी घरी बसून कॉम्प्युटर खेळते. काम असं आहे — नागपूरच्या एका वकिलाच्या ऑफिससाठी पेटंटच्या अर्जांना जोडायच्या जनुकांच्या याद्या बनवायच्या. ए, सी, जी, टी, चारच अक्षरं, पण नखरे नवरीच्या मावशीचे. छोट्या एबीसीडीतच लिहा. यू आला तर टी लिहा. दहा अक्षरांहून लहान तुकडा घेऊ नका. तुकडा काढला तरी त्याचा नंबर काढू नका, तिथे तीन शून्यं ठेवा! परक्यांसाठी हे सगळं पाळते, पगार मिळतो. घरच्या माणसासाठी फुकट, वरून बोलणी.

मामाजींचं पेटंट गिरजा धानाचं, म्हणजे भाताच्या एका गावठी वाणाचं. त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या, हातचं बियाणं. सगळ्या गावाचं धान गादमाशीच्या किडीनं पोकळ केलं तरी गिरजाला काही होत नाही, हे मीसुद्धा पाहिलंय. नागपूरच्या लॅबमधून पानं तपासून आणली, त्यात त्यामागचं जनुक आपल्याला सापडलं असं मामाजींचं म्हणणं. गेल्या वर्षी कच्चा अर्ज केला. आता १८ तारखेपर्यंत पक्का गेला नाही तर कच्च्या अर्जाचा हक्क गेला आणि वीस वर्षांची मेहनत पाण्यात.

९ डिसेंबर

त्यांचा लाडका तुकडा आठच अक्षरांचा. बसत नाही. तर त्यांनी मागेपुढे एन लावून लांब केला. एन म्हणजे ‘माहीत नाही’. म्हटलं, माहीत नसलेलं मोजत नाहीत.

‘सरकारी हापिसात तं थेच मोजतात!’

तीन शून्यं ठेवली. जेवताना ताट उचलून ओसरीवर जाऊन बसले.

१० डिसेंबर

श्री गणेशाय नमः. आता तिसऱ्या ओळीत. लपवून!

१२ डिसेंबर

आज खरं भांडण झालं. प्रत्येक तुकड्यापुढे जिवाचा रकाना असतो — हा तुकडा कोणत्या जिवाचा. रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि नाव लॅटिनच लागतं. मी भाताचं लिहिलं, ओरायझा सटायव्हा. मामाजींनी खोडून लिहिलं — गिरजाबाई.

‘हे भाताचं जनुक आहे, मामाजी!’

‘मंग? धान कोनाचा?’

‘धान तुमच्या आईंचं, पण जीव भाताचा!’

‘माह्या मायचं नाव सातबाऱ्यावर नाही, रेशनकार्डावर नाही. धानाच्या ढोलीत बी जपून ठेवलं थिनं आन् नाव लागलं बापाचं. एका कागदावर तं राहू दे वो, कामिनी.’

मग मी ते नाव तसंच राहू दिलं. मशीननं मात्र नाही. लाल ओळ.

१३ डिसेंबर

धान चुरायला, म्हणजे मळायला, लोक आलेत, अंगणात धूळच धूळ. मामाजी त्या मजुरांना पेटंट समजावून सांगत होते. पानं नागपूरच्या लॅबला कशी नेली ते — ‘बसमध्ये पानं सुकली असती. मंग मी तोंडात पानी घेतलो आन् फुर्रर्र! इस्त्रीवाला मारते तसा. भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत फुर्रर्र!’

आत्याबाई — सासूबाई — आतून ओरडल्या, ‘मी तवाच म्हटलं होतं, लोकायच्या घरी न्यायच्या वस्तूवर थुकू नका!’

सगळे हसले. मीही हसले. किती शहाणी मी!

१५ डिसेंबर

उपाय सुचला! मामाजी माझं ऐकत नाहीत, पण छापलेलं ऐकतात. उद्या ही अक्षरं जगभरच्या जनुकांच्या ऑनलाइन साठ्यात शोधायला टाकते. कोणत्या जिवाशी जुळतात ते तिथे आपोआप कळतं. मशीननेच भात म्हटलं की प्रिंट काढून हातात देईन. मग गणपतीला वर बसवा की खाली, रकाना तरी सुटेल.

१६ डिसेंबर

भात नाही.

१६ डिसेंबर, संध्याकाळ

पुन्हा टाकलं. तिन्ही तुकडे टाकले. होमो सेपियन्स. माणूस! शेकडा शंभर माणूस!

आधी हसले, मग आठवलं. फुर्रर्र! लॅबनं भाताचं जनुक वाचलंच नाही, मामाजींची थुंकी वाचली. वर्षभर मी या माणसाच्या लाळेचं स्पेलिंग तपासत बसले. आणि मामाजी स्वतःच्याच तोंडावर पेटंट मागतायत!

मामाजींना सांगायचं कसं? चौकात लावायला फ्लेक्ससुद्धा छापायला दिलाय. आत्याबाईंनी गल्लीला वाटायला बुंदी सांगितलीये. दारावर थाप पडली तरी दचकते. न सांगता अर्ज पाठवला तर? ओरायझा सटायव्हा लिहून? एकही लाल ओळ येणार नाही. नियमात चोख बसेल आणि साफ खोटं असेल.

१७ डिसेंबर

झोप नाही. सकाळी उत्तर पूर्ण वाचलं, काल अर्ध्यावरच डोळे फिरले होते. तुकडे पेशीच्या ज्या भागातले आहेत तो भाग बापाकडून येतच नाही. फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून. लेकराच्या अंगात तो जसाच्या तसा राहतो.

रडायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, ‘त्या कॉम्प्युटरच्या डब्ब्यानं आता तुले पन रडवलं का वो?’

१८ डिसेंबर

अर्ज गेला नाही. मामाजींना खळ्यावर बसवून सगळं सांगितलं — थुंकी, माणूस, आईचा भाग, सगळं. मग तोंडावरून हात फिरवला, हळूच, आणि म्हणाले, ‘म्हंजे जिवाच्या रकान्यात गिरजाबाईच न? मी काय म्हनून राहिलो होतो तुले?’