छकुलीची निळी नखं

ता. ४ मार्च
ति. ताईस सा. न.
छकुली तीन आठवड्यांची झाली. नाक तुझं, हट्ट माझा. चार घोट दूध पिते की दमून झोपते, एक नंबरची कामचुकार! गंमत म्हणजे नखं आणि ओठ निळसर दिसतात. आम्ही दोघं दिवसभर निळ्या रंगाच्या पिंपात सूत बुडवतो, त्याच हातांनी तिचं तोंड पुसतो. ही म्हणते, रंगाऱ्याची लेक शोभते खरी. तुझ्या वॉर्डातल्या नर्सबायांना सांग, हसतील.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १३ मार्च
चि. धाकट्यास अ. उ. आ.
पत्र आजच मिळालं. छकुलीला साबणाने धू. निळेपणा गेला नाही तर तशीच उचल आणि मोठ्या इस्पितळात ने. कामं राहू देत.
ताई

ता. १९ मार्च
ति. ताईस सा. न.
हिने छकुलीची बोटं लाल होईस्तोवर चोळली, नखं निळीच. मोठ्या इस्पितळात नेलं. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चारही शिरा हृदयाच्या भलत्याच बाजूला जोडल्यात. जन्मतःच, हजारोंत एखाद्याला असं होतं म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय केलंत? मी रंगाचं सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. गुरुवारी ऑपरेशन आहे. लगेच नीघ.
धाकटा

ता. ९ एप्रिल
चि. धाकट्यास अ. उ. आ.
छकुली गेल्यावर बारा दिवस तुमच्याकडे राहिले, पण तोंड उघडलं नाही. तुझं पहिलं पत्र मला सातलाच मिळालं होतं. मी ते वॉर्डात मोठ्याने वाचलं, आम्ही सगळ्या खो खो हसलो. वीस वर्षं नर्स आहे रे मी! सहा दिवसांनी उत्तर लिहायला बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 'आजच मिळालं' हे खोटं लिहिलं. क्षमा मागायचंही तोंड नाही.
अभागी ताई

ता. १४ एप्रिल
ति. ताईस सा. न.
आठवडाभर आधी आणलं असतं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले होते. दोष माझाच समजून तुला हे सांगितलं नव्हतं. आता तुझा राग आलाय, आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही. हिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.
हिला अजून दूध येतं. पदर भिजला की दार लावून बसते, मला आत घेत नाही. परवा दाराआडून म्हणाली, ताईंना बोलवा. तुझं तोंड मला बघवणार नाही, तरी ये.
धाकटा