फक्त झाकण

४ फेब्रुवारी
दिवसभरात गिऱ्हाईक एकच. समोरच्या डेंटिस्टबाई. पाच लिटरचा डबा हातात घेतला, झाकण लावलं, काढलं, आत वास घेतला, मोबाइलवर फोटो काढला आणि छान आहे म्हणून निघून गेल्या. संध्याकाळी त्यांच्या दारात ऑनलाइन बाजाराची पिवळी व्हॅन. तोच डबा! मी काय इथे प्रदर्शन भरवलंय?
संकल्प: जळायचं नाही. जळण्याने ॲसिडिटी होते.

५ फेब्रुवारी
ॲसिडिटी.

९ फेब्रुवारी
घरी पार्सल. आत डबा. नवऱ्याचं दुकान प्लास्टिकच्या डब्यांचं आणि बायको डबा ऑनलाइन मागवते! म्हणे रिव्ह्यू चांगले होते. वर मुदत दिली. जागा तिच्या नावावर; मेअखेरपर्यंत दुकान सावरलं नाही तर ती जागा तिच्या भावाला. त्याला गोडाऊन हवंय. हा माझा मेव्हणा, चार नोकऱ्या धरून सोडलेला. आयत्या बिळावर नागोबा.
दुकान जाणार नाही. निदान त्याच्याकडे तर नाहीच.

१४ फेब्रुवारी
सापडलं! शेजारचे रिटायर्ड बँकवाले काका नुसता डबा घेऊन आले. झाकण हरवलंय, तेवढंच मिळेल का म्हणाले. हाकलणार होतो, तेवढ्यात डोक्यात लख्ख झालं. झाकण कोणाचं हरवत नाही? आणि त्या बाजारात सगळं मिळतं, सुटं झाकण मिळत नाही. दुपारभर शोधून खात्री केली. याला धंद्यात निश म्हणतात, म्हणजे मोठ्यांनी सोडलेला कोपरा. हत्तीशी कुस्ती खेळायची नाही, मुंगी होऊन कानात शिरायचं.
नाव ठरलं: फक्त झाकण. बोर्ड टाकला रंगवायला.

१९ फेब्रुवारी
होलसेलवाल्याला फोन. तो म्हणाला, झाकणं डब्याबरोबरच येतात, सुटी कोणी देत नाही. मग हसला. फोन शेजारच्याला देऊन मला पुन्हा सांगायला लावलं. तोही हसला. दूरदृष्टीच्या माणसाला हे सोसावं लागतं.

२३ फेब्रुवारी
तोडगा निघाला. डबे ऑनलाइन बाजारातूनच मागवायचे (होलसेलपेक्षा स्वस्त, हरामखोर), झाकण ठेवायचं, डबा बाजूला टाकायचा. शत्रूचा दारूगोळा शत्रूवरच! प्रत्येक झाकणाला आतून आपलं गोल स्टिकर. वेबसाइट मेव्हण्याने करून दिली, फुकट. त्याचा चांगुलपणाही माझ्या डोळ्यात खुपतो.
झाकण अर्ध्या किमतीत. ही म्हणाली, अहो, अख्खा डबा घेऊन अर्ध्यात विकणार? तिला धंदा कळत नाही. मोठ्या कंपन्या सुरुवातीला तोट्यातच असतात. आम्ही तर पहिल्याच दिवशी तोट्यात गेलो.

५ मार्च
पहिली विक्री! बँकवाले काका.

६ मार्च
काकांनी झाकण परत आणलं. बसत नाही म्हणे. त्यांचा डबाच चुकीचा आहे.

२० मार्च
ऑनलाइन ऑर्डर. चाळीस झाकणं! सगळी एका गिऱ्हाइकाची. न्यायला टेम्पोवाला आला, त्यालाही नाव माहीत नव्हतं. एका घरात चाळीस झाकणं हरवली. केवढं मोठं कुटुंब असेल!

२७ मार्च
त्याच कुटुंबाची आणखी ऐंशी झाकणं हरवली. वेंधळी माणसं, पण निष्ठावान.
इकडे बिनझाकणाचे डबे छताला टेकले. मेव्हणा म्हणाला, दाजी, ही अडगळ मी नेतो. मीच दोरी बांधून गाडीत चढवून दिले. बिचारा दुसऱ्याच्या कचऱ्यावर खूश होतो. त्याची कीव आली, छान वाटलं.

८ एप्रिल
जळफळाट. बाजारात डब्यांचा नवा विक्रेता आलाय, 'सुगृहिणी स्टोअर्स'. एवढ्यात चार पॉइंट आठ स्टार! माझ्या आख्ख्या आयुष्याला कोणी एक स्टार दिला नाही. लोक लिहितात, झाकण अगदी घट्ट बसतं. असा राग आला की जेवण गेलं नाही. पण सर्वांत स्वस्त तोच, म्हणून शंभर डबे त्याच्याकडूनच मागवले.

१३ एप्रिल
डबे आले. झाकण उघडलं तर आत माझं गोल स्टिकर. शंभरच्या शंभर झाकणांना! म्हणजे सुगृहिणीवाला माझ्या ब्रँडची नक्कल करतोय. नक्कल मोठ्यांचीच होते. धावत हिला दाखवलं. हिने न मागता चहा केला.

१४ एप्रिल
चहा का केला ते आज सांगितलं.
सुगृहिणी म्हणजे मेव्हणा. झाकणं तोच मागवायचा, डबे तोच न्यायचा. झाकण डब्याला लावायचा आणि विकायचा. मला. फोटो हिने काढलेले. हिला वाटलं मला ठाऊक आहे, कारण डबे मीच चढवून दिले होते. घेणारा मी, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. तिथे गिऱ्हाइकाचं नाव कळत नाही म्हणे. मेव्हण्याला वाटलं, कुठलं तरी मोठं हॉटेल असेल.

१५ एप्रिल
दुकान उघडलं नाही. त्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तो नुसता हुशार निघाला. हे जास्त लागलं.

२ मे
मुदत मेअखेरची होती, मी किल्ली आजच देऊन टाकली. म्हणजे याला हरणं म्हणता येत नाही. अट एकच, बोर्ड राहील. मेव्हण्याने मान्य केलं.

४ मे
बोर्ड उतरवला. लोक येऊन झाकणं मागतात, असं तो म्हणाला. आता मागतात!

२१ मे
मेव्हण्याने पगारावर या म्हटलं. मी स्वाभिमानाने नाही म्हटलं. गेल्या सोमवारपासून जातोय.
काम: डब्यांना झाकणं लावणं. दोन्ही अंगठे कडेवर ठेवायचे, एकदाच दाबायचं, टक् वाजलं पाहिजे. आज मेव्हणा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, दाजी, तुमच्यासारखं हे कोणालाच जमत नाही.
मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की घरी येऊन हिला दोनदा सांगितलं. त्याचाच आता राग येतोय.