कातळावरची हाक

राजारामपुरी, कोल्हापूर
७ जानेवारी २०२४

चि. अक्षता हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तू माझ्याकडे शाळेला होतीस तेव्हाचे रविवार आठवतात का गं? तुझे आबा कबनूरहून मागावरची पाळी संपवून एसटीनं यायचे, जेवून सोप्यात आडवे व्हायचे, आणि तू त्यांच्या केसांत अडकलेला कापूस वेचत बसायचीस. झोपेतसुद्धा त्यांची बोटं फरशीवर मागाचा ठेका धरायची. आबा झोपेत कुणाशी बोलतात, असं तू मला विचारायचीस.

तुझं पत्र वाचल्यापासून मला चैन नाही. जगभरातली एवढी भूकंप मोजणारी स्टेशनं तुमच्या जर्मनीतल्या केंद्राला जोडलेली, आणि बंद होणार ते नेमकं आपल्या शेतातलं? फेब्रुवारीअखेरच्या आढाव्यापर्यंत तिथला रोजचा गोंगाट थांबला नाही, तर पेटी उचलून दुसऱ्या देशात नेतील, असं तू लिहिलंस. मी दादाला, तुझ्या आबांना, अजून काही सांगितलेलं नाही. हातकणंगल्याच्या त्या कातळावर कधी कुसळ उगवलं नाही. सहा वर्षांपूर्वी तुमच्या साहेबांनी येऊन त्याला हात लावला आणि असा खडक शोधून मिळत नाही म्हणाले, तेव्हापासून दादाची मान ताठ आहे. मागे एकदा मी त्याला, ऐकू येत नाही म्हणून पाटीवर लिहून, समजावलं, की पेटीतली रेघ तुमच्या केंद्रात पोचते आणि तिथून ती मोठ्या शास्त्रज्ञाला आणि माझ्या मोबाइलवर एकाच वेळी दिसते. त्यानं विचारलं, म्हंजे पयलं पाणी कुणी भरायचं, असलं काय न्हाय तिथं? नाही, असं मी लिहिलं. दिवसभर स्वारी खुशीत होती.

सध्या कारखान्याचा सीझन आहे, म्हणून मला आधी उसाच्या ट्रॅक्टरचाच संशय आला. शेतावर जाऊन शेजारच्या हंबीररावांना विचारलं, तर ते बांधावरूनच ओरडले, की आमचा ट्रॅक्टर काय आज जातोय व्हय ह्या वाटनं, बापाच्या टायमापासनं जातोय की! संध्याकाळी मात्र गुळाची ढेप पाठवून दिली.

थंडीत कान बांधत जा. आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
रूपाली आत्या

——

जर्मनी
१४ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र नेहमी कागदावर लिहिलेलं, आणि त्याचा फोटो थोडा तिरका. कोपऱ्यात तुझा अंगठा दिसला की घरी आल्यासारखं वाटतं.

आत्या, तो ट्रॅक्टर नाही. रोज सकाळी माझ्यासमोर सगळ्या स्टेशनांच्या रेघा येतात. कुठे बर्फात पुरलेलं स्टेशन, कुठे वाळवंटातलं, कुठे समुद्रातल्या एकट्या बेटावरचं. प्रत्येक रेघ शांत हवी, म्हणजे पृथ्वी दूर कुठेही हलली तरी ती ऐकू येते. ट्रॅक्टर गेला की रेघ सुरवंटासारखी केसाळ होते. गुरं फिरली तर बारीक ठिपके पडतात. आपल्याकडे मात्र रोज संध्याकाळी काही ठोके पडतात, मग जरा थांबून पुन्हा ठोके. रविवारीसुद्धा. आणि ते अगदी पेटीला खेटून.

स्टेशनांच्या दर्जाचा अहवाल लिहिणं हेच माझं काम आहे. आपल्या शेतातलं आहे म्हणून त्यात खोटं लिहिता येणार नाही. हे स्टेशन काढा, असं मलाच लिहावं लागलं तर मी आबांना तोंड कसं दाखवू? एकदा संध्याकाळी तू स्वतः तिथे जाशील का?

काळजीत असलेली,
अक्षता

——

राजारामपुरी, कोल्हापूर
२२ जानेवारी २०२४

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम आणि पाठीवरून हात. वि. वि.

संघर्षच्या गाडीवर मागे बसून गेले. तुझा भाऊ खड्डा पाहून गाडी चालवतो की खड्ड्यासाठी चालवतो, मला अजून कळलेलं नाही. दादाला आम्ही आलेलं कळलं नाही. आधी सांगून काही बनाव करायला नको, म्हणून मी गोठ्याच्या आडोशाला बसले.

उन्हं उतरली तसा दादा काठी घेऊन आला. विहारात जाताना काढतो तशा चपला बाजूला काढल्या, पेटीवरच्या सिमेंटच्या झाकणावर चढला आणि काठी आपटायला लागला. थोडा थांबला, पुन्हा आपटली. मी पुढे होऊन पाटीवर लिहिलं, हे काय चाललंय? त्याला कसला संकोच! अक्षीशी बोलतोय, म्हणाला.

पेटी बसवली त्या दिवशी तूच म्हणे त्याच्या पाटीवर लिहिलं होतंस, की आबा, इथं तुम्ही नुसता पाय आपटलात तरी मला तिकडं दिसेल. मागावर कान गेलेल्या माणसाला फोनचा काय उपयोग? कानातलं मशीन लावलं की नुसता कलकलाट होतोय म्हणतो, आणि मोबाइलवर तुझे ओठ हललेले तेवढे दिसतात. म्हणून त्यानं आपली रीत काढली. दोन ठोके म्हणजे जेवलो. तीन म्हणजे म्हैस बरी हाय. मग एकच जोराचा ठोका, म्हणजे तू कवा येनार? ऊन असो, पाऊस असो, तो गेला नाही असं सहसा होत नाही.

नंतर त्यानं मला विचारलं, तिला दिसतंय न्हवं? मी मान डोलावली. पुढचं लिहायला माझा हात उचलला नाही. आता तूच सांग, काय करू?

तुझी,
आत्या

——

जर्मनी
२७ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

पत्र ऑफिसात वाचलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. इथे काहीच टाकून देत नाहीत, सगळ्या जुन्या रेघा साठवलेल्या असतात. मी मागे मागे जात आबांच्या संध्याकाळी बघितल्या. त्यांना कावीळ झाली होती त्या आठवड्यात रेघ सपाट आहे. आई गेली त्या दिवशीचं मात्र बघवलं नाही. ठोके संपतच नव्हते. तो भाग मीच कधीतरी ‘स्थानिक गोंगाट, कारण अज्ञात’ अशी खूण करून बाजूला काढला होता.

तरी आत्या, त्यांना थांबायला सांग. पेटी गेली तर तो कातळ पुन्हा नुसता कातळ होईल, आणि आबांना ते सोसणार नाही. मला सगळं दिसत होतं, असं आधी लिही. बाकीचं मग लिही.

तुझी,
अक्षता

——

राजारामपुरी, कोल्हापूर
४ फेब्रुवारी २०२४

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू सांगितलंस त्याच क्रमानं लिहिलं. दादानं पाटी वाचली आणि ओल्या हातानं स्वतःच पुसली. म्याच यंतर बिघडवतोय व्हय, एवढंच म्हणाला. मग बादलीभर पाणी आणून झाकण धुतलं आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आता हंबीररावांच्या कोंबड्यांनाही तिकडे फिरकू देत नाही.

मी तीन दिवस तिकडे राहून आले, पण मला ते लक्षण बरं वाटत नाही. संध्याकाळी उंबऱ्यावर काठी मांडीवर घेऊन बसून असतो. अर्ध्या भाकरीवरून उठतो. मी भाजीत मीठ जास्त घातलं तरी बोलला नाही, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची संधी त्यानं आजवर कधी सोडलेली नाही. संघर्ष म्हणतो, होतील की चार दिवसात बरे. आज ना उद्या होईलही. तू रजेचं बघ बाई.

काळजीपोटी जास्त लिहिलं असेन, तर मोठं मन करून पोटात घाल.

आत्या

——

जर्मनी
२७ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

शनिवारी फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. आबांनी ठोके बंद केल्यापासून आपली रेघ अशी स्वच्छ झाली होती, की आमच्या विभागप्रमुख बाई सगळ्यांना ती दाखवायच्या. मला ती बघवत नव्हती. तरी ती पडद्याच्या एका कोपऱ्यात कायम उघडी ठेवायचे.

त्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. तिकडे दुपार असेल. अचानक ठोके दिसायला लागले. दोन नाहीत, तीन नाहीत, सलग. आधी मला आनंद झाला आत्या, खरं सांगते. वाटलं, राहवलं नसेल त्यांना. मग लक्षात आलं, की ठोके हलके होत चाललेत आणि मधलं अंतर वाढतंय. आबा दिलेला शब्द असा भरदुपारी मोडणार नाहीत. मी लगेच तुला फोन लावला. तू हंबीररावकाकांना लावलास, आणि काका धावत गेल्याचंसुद्धा मला रेघेत दिसलं. कुंपण सारखं करताना आबा पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि हाक मारून कुणाला ऐकू जाईना म्हणून पडल्या पडल्या झाकणावर काठी मारत राहिले, हे काकांनी मला मागाहून सांगितलं.

अशा प्रत्येक खुणेपुढे आम्हाला कारण भरावं लागतं. वाहन, जनावर, सुरुंग, असं काहीतरी. मी लिहिलं, माणूस, मदत मागत होता. बाईंनी ते वाचलं आणि तसंच राहू दिलं. काल आढावा झाला. आपलं स्टेशन राहणार आहे.

परवाच्या विमानानं निघते. मी येईपर्यंत त्यांना एकटं सोडू नका.

अक्षता

——

राजारामपुरी, कोल्हापूर
२८ फेब्रुवारी २०२४

चि. अक्षता हिस,
खूप खूप आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. ऑपरेशन उद्या सकाळी आहे. हाडाचं काही विशेष नाही म्हणतात, पण तपासणीत हृदय अशक्त निघालं. भूल सोसेल की नाही, याची डॉक्टरांनाही शाश्वती नाही. संमतीच्या कागदावर संघर्षनं सही केली. तू पोचशील तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, एवढंच मनात येत राहतं.

हंबीरराव दादाला जीपमधून घेऊन आले ते अजून घरी गेलेले नाहीत. शेतात जीप जवळ घेतली, तर दादा विव्हळतानासुद्धा त्यांच्यावर खेकसला म्हणे, की गाडी लांब लाव, यंतर हाय तिथं! मग हंबीररावांनी त्याला उचलून बांधापर्यंत नेलं. पावण्याच्या यंतराच्या नादात माझी कंबर गेली, असं ते येईल त्या नर्सला सांगतायत.

आज सकाळी दादानं मला जवळ बसवलं आणि कुणाला काय द्यायचं ते लिहून घ्यायला सांगितलं. मी नको म्हटलं, तर म्हणाला, मिशनच्या सिस्टरांच्या शाळंत लिवायला शिकलीस ते कशाला? म्हणून लिहिलं. घर आणि उसाचं रान संघर्षला, पण हंबीररावांची वाट त्यानं अडवायची नाही. म्हैस हंबीररावांच्या घरी द्यायची, दूध त्यांनीच खायचं, पण तिला ओरडायचं नाही, ती मनाला लावून घेते. मागावरचा धोटा नातवाला, प्रसेनजीतला, पण मोठा झाल्यावर, कारण त्याचं टोक लागतं. घोंगडं राखणीच्या पिराजीला. आमच्या आईचा, तानूबाईचा, पितळी तांब्या मला. पांढरे नवे कपडे विहारात, ज्याला लागतील त्याला. आणि कातळ अक्षीच्या नावावर. तिथं काय पिकत न्हाय, पण तिला तिथनं ऐकू येतंय, म्हणाला.

सांभाळून ये. लोभ आहेच, तो असाच जवळ ठेव.

तुझी,
रूपाली आत्या

ता. क. पत्राचा फोटो काढत होते, तेवढ्यात त्यानं परत हाक मारली. उद्या ऑपरेशन नीट झालं तर वरचं सगळं रद्द समजायचं, ज्याचं त्यानं मुकाट परत आणून द्यायचं, म्हैस सगळ्यात आधी. कातळ मात्र अक्षीकडंच राहू दे, असं लिहायला सांगितलंय.