माहेरी गेलेल्या एकतीसजणी

मंगळवार, २० जानेवारी

ही मारेनबाई काहीतरी उकरून काढायला बघतेय. डेन्मार्कहून व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना हसून नमस्कार करते, आणि मग एकच प्रश्न तीनदा! 'यश म्हणजे तुम्ही नक्की काय मोजता?' आमचं वंध्यत्वाच्या उपचारांचं हॉस्पिटल इथे एचएसआर लेआउटमध्ये, तिचं तिकडे. दोघांनी मिळून नव्या इंजेक्शनचा अभ्यास आखायचा — गर्भाशयात गर्भ सोडण्याआधी निम्म्या बायकांना द्यायचं, निम्म्यांना नाही. मग आमचे जुने आकडे कशाला हवेत? आमचे मुख्य डॉ. वेणुगोपाल म्हणाले, 'आपल्याला कमी लेखायचंय त्यांना.' मलाही तेच वाटतं.

माझा तर जीवच त्या आकड्यात अडकलाय. आमच्याकडे आधीच हे इंजेक्शन घेतलेल्या शंभरात चौपन्नजणी यशस्वी. मीच टाइप केलाय! त्याच्याच भरवशावर ४ फेब्रुवारीला मी स्वतः त्या टेबलावर झोपणार. तिसरी खेप, साठवलेला शेवटचा गर्भ. यानंतर पुन्हा नाही, असं मी आणि माझ्या नवऱ्याने, राजसने, ठरवलंय. तो कधी बोलून दाखवत नाही, पण थकलाय.

शुक्रवार, २३ जानेवारी

मारेनची मेल. 'यशस्वी' म्हटलेल्यांपैकी एकतीसजणींच्या फायलींवर 'बाळंतपणाला माहेरी' लिहिलंय, पण बाळाची नोंद कुठेय? आगाऊ! माहेर म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार.

मंगळवार, २७ जानेवारी

भाग्यलक्ष्मीअक्काला विचारलं. आमची सगळ्यात जुनी नर्स. रजिस्टर ती लिहिते, मी नुसतं कॉम्प्युटरवर चढवते. तिचं घराणं तीन पिढ्या इथल्या चिकपेटात, तिच्या मराठीत कन्नड मुरलेलं.

'अक्का, या बायका माहेरी गेल्या हे तुला सांगितलं कोणी?'

'सांगायचं काय त्यात? टेस्ट पॉझिटिव्ह आली, मग दिसली नाही. पहिलटकरीण कुठं जाणार? तवरुमनेला! माहेरी गं.'

'दुसऱ्याच महिन्यात?'

'स्वल्प लवकर गेली असंल.'

दोन वर्षं मी हे टाइप करतेय, मलाही कधी खटकलं नाही!

गुरुवार, २९ जानेवारी

डॉक्टरांना न सांगता फोन करायला बसले. पहिली महादेवपुऱ्याची श्वेता, मूळची नागपूरची. मराठी माणूस म्हणून मी खुशीत. फट्कन विचारलं, 'मुलगा की मुलगी?' मूर्ख!

ती म्हणाली, 'ताई, तिसऱ्या महिन्यातच गेलं. मग तुमच्याकडे तोंड दाखवावंसं वाटलं नाही. इतक्या दिवसांत तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत.'

बाथरूममध्ये जाऊन रडले. मग पुढचा नंबर लावला.

शुक्रवार, ३० जानेवारी

सव्वीसजणींनी फोन उचलला. बाळं अकरा.

डॉक्टरांना सांगितलं. 'फोन करायला कोणी सांगितलं होतं?' आवाज चढला नाही त्यांचा, त्याचीच जास्त भीती वाटली. 'मारेनच्या कॉलवर हे बोलायचं नाही.' म्हणजे त्यांना ठाऊक होतं? की माझ्यासारखं त्यांनाही ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं? आता मला अक्काचा संशय येतो, डॉक्टरांचा येतो, माझाही येतो.

सोमवार, २ फेब्रुवारी

आकडे मारेनला पाठवले. डॉक्टरांना कॉपीत ठेवून. नोकरी गेली तर गेली!

तासाभरात तिचं उत्तर. त्यांच्याकडेही बायका अशाच निसटल्या होत्या, गाव बदलून. तेव्हा चुकीचं मोजणारी तीच होती, म्हणून इतकं विचारत होती. आणि मी तिला या डायरीत काय काय बोलले! अभ्यासात आता यश म्हणजे जिवंत जन्मलेलं बाळ, बाकी काही नाही. डॉक्टरांनी खाली 'ओके' लिहिलंय. एवढंच.

मग मी तिला एकटीला विचारलं — परवा मी ते इंजेक्शन घेऊ का?

'मला माहीत नाही,' तिने लिहिलं. 'कुणालाच माहीत नाही. म्हणून तर अभ्यास.'

बुधवार, ४ फेब्रुवारी

घेतलं. हो, सगळं कळून घेतलं!

बुधवार, १८ फेब्रुवारी

पॉझिटिव्ह! राजस तिथेच रडायला लागला. अक्काने हसत रजिस्टर उघडलं, माझ्या नावापुढे 'यशस्वी'च्या रकान्यात पेन टेकवलं. मी तिचा हात धरला.

'ऑक्टोबर येऊ दे, अक्का.'