वाढवलेला दिवा

हिंगणी, ४ नोव्हेंबर १९५७
पोहोचले एकदाची! हे वसतिगृह म्हणजे परदेशी सिस्टरांचा जुना दवाखाना. त्या मायदेशी गेल्या आणि आता इथे मुली शिकतात. मी, सासवडच्या शिंप्याची मुलगी, घरातली पहिली बी.ए., इथली अधीक्षिका झाले आहे! स्वयंपाक धुरपताबाई करतात. मी ‘मला’ म्हणाले की त्यांना हसू आवरत नाही. म्हणाल्या, “पुण्यावाल्या बाई, तुमी ‘मला’ म्हनता, मंग ‘मले’ कोन म्हनन?”

६ नोव्हेंबर
अभ्यासाच्या खोलीत भिंतभर तैलचित्र आहे, कुठल्याशा जुन्या इटालियन चित्राची नक्कल. गव्हाणीत बाळ येशू आणि भोवती मेंढपाळ. उजेड बाळाच्या अंगातूनच येतो. चेहरे खालून उजळलेले, बाकी सगळं काळंकुट्ट. कॉलेजात सर सांगायचे, हे चित्रकार आधी कापड काळं करून घेत आणि हवं तेवढंच उजेडात आणत. मला वाटलं, शिक्षण तरी वेगळं काय करतं?

धुरपताबाई त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. अभ्यास झाला की चित्रापुढचा दिवा आठवणीनं वाढवून येजा, असं त्यांनी बजावलं. काऊन, म्हणजे का, ते त्यांनाही ठाऊक नाही; सिस्टर तसं सांगून गेल्या. देवापुढे उजेड मोठा ठेवायचा, ही रीत मला आवडली. वात चांगली वर करून आले.

१३ नोव्हेंबर
आंजी गावच्या नत्थूभाऊंची मुलगी कांता मॅट्रिकला बसते आहे. गेल्या वर्षी त्यांच्या घराने बौद्ध धम्म घेतला. ही पास झाली तर पुढे शिकवतील, नाहीतर लग्न. पास करवीनच! ती रोज संध्याकाळी चित्राखाली बसते. मी शेजारी ही रोजनिशी लिहिते. जाताना दिवा वाढवते. चित्र हल्ली खुलल्यासारखं दिसतं.

१९ नोव्हेंबर
मेंढपाळांच्या मागच्या काळोखात कुणीतरी आहे. आधी लक्ष गेलं नव्हतं. खांद्यावर वेणी दिसते आहे. कांता थकलेली वाटते. विचारलं, तर म्हणाली, “काई नाई बाई, उजेड लय हाय.”

२३ नोव्हेंबर
वेणीला लाल फीत आहे. कांताच्याही.
माझी सावली भिंतीवर पडते. टेबलाची पडते. कांताची—
दिवा इकडून तिकडे नेऊन पाहिला. पडत नाही.

२५ नोव्हेंबर
धुरपताबाईंना म्हटलं, तुमच्या सांगण्याप्रमाणे रोज दिवा वाढवते, वात अगदी वरपर्यंत. त्या हसायला लागल्या. “वाढवजा म्हंजे इझवजा वो, बाई! दिव्याले इझव म्हनू नये, म्हनून तसं म्हनत असते.” मग माझं तोंड पाहिलं आणि हसणं थांबलं.
बांगडी वाढवतात, नारळ वाढवतात. मी मराठी घेऊन बी.ए. झाले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
फुंकर मारली. दिवा विझला.
खोली अंधारली नाही. उजेड चित्रातून येतो आहे. काळोखातला चेहरा आता पुरता वर आला आहे. कांताचा.
कांता स्वतः चित्राखाली बसली आहे. ऊठ म्हटलं. “उठताच येत नाई, बाई.” हात ओढला. हलकी, रिकाम्या पोत्यासारखी, तरी हलत नाही.

उजेड अडवायला हवा—
मी चित्राकडे पाठ करून तिच्यापुढे उभी राहिले. माझी सावली तिच्यावर पडली. तेवढ्या अंधारात तिचे पाय हलले. पळ म्हटलं. “तुमी बी चला!” म्हणून रडली. ओरडले तेव्हा गेली. अंगणात मावळतीचं ऊन होतं. तिच्यामागे तिची सावली, लांबच लांब.

मला पाऊल उचलता येत नाही. वही टेबलावरून कशीबशी ओढली. दिवा नाही, तरी अक्षर लख्ख दिसतं.
कांता दाराशी परत आली आहे. येऊ नकोस—
पाठ गरम. समोरच्या भिंतीवर माझी सावली होती. फिकट होते आहे. खांदे अजून आहेत, हात—
कांता, दार लाव. आत बघू न