टेक्निशियन : हेमलता

सोमवार, ६ जानेवारी
आज धुळ्यात स्कॅन सेंटरमध्ये नोकरीवर रुजू झाले. फैजपूरहून निघताना आईचे डोळे भरले, माझे नाही. सीटी स्कॅनचं मशीन कोरं करकरीत आहे. सेंटरप्रमुख प्रेमराज सरांनी माझं लॉगिन उघडून दिलं : पुनम चौधरी, टेक्निशियन. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, पेशंटची एकही इमेज बाहेर जाता कामा नये, अशी ताकीद दिली. घरमालकीण इंदिराबाईंनी कळण्याची भाकरी आणि भरीत आणून दिलं. पोटभर जेवले.

गुरुवार, १६ जानेवारी
सोबतची हेमलता इथे सहा वर्षं आहे. तिच्या इमेज किती स्वच्छ येतात, हे सर सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्या दोन परत काढायला लावल्या. नरडाण्याच्या झुंबरबाई पुन्हा स्कॅनला आल्या, मला बघून म्हणाल्या, ती पोर कोठे शे? हेमलतानेच काढला मग. मी हसले. डबा तसाच परत आणला.

मंगळवार, २१ जानेवारी
हेमलता चहाला गेली, लॉगिन उघडंच ठेवून. झुंबरबाईंच्या डोक्यातल्या गाठीची इमेज मी तिच्या नावाने उतरवली आणि यादीतल्या नरडाण्याच्याच दुसऱ्या एका पेशंटला धाडली. दोन मिनिटं लागली.

शुक्रवार, २४ जानेवारी
घरच्यांनी झुंबरबाईंपासून गाठ लपवली होती. त्यांना ती शेजाऱ्यांकडून कळली. त्यांनी अन्न सोडलंय. त्यांचा मुलगा भूषणभाऊ सरांपुढे रडला. नोंदीत हेमलताचं नाव निघालं. तिला काढलं, लॉगिन बंद केलं. जाताना तिने विचारलं, पुनम, मी तुझं काय वाईट केलं होतं? मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं.

सोमवार, २७ जानेवारी
यादीत नवा स्कॅन. पेशंट : पुनम चौधरी. टेक्निशियन : हेमलता. दोन्ही पावलं. लहानपणी मोडलेली पायाची करंगळी ओळखली, माझीच. मी कधी त्या टेबलावर झोपलेच नाही. सरांना नोंद दिसत नाही. दुपारपासून पावलं गार. टाचणी टोचली तरी कळत नाही.

बुधवार, २९ जानेवारी
आज गुडघे. रिक्षाने आले, आत चाकाच्या खुर्चीवरून नेलं. डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि पेशंट अजून हेमलता कुठे, असंच विचारतात —

गुरुवार, ३०
कंबर. हेमलताला फोन करून सगळं कबूल केलं. फोनवर तिच्या मागे मशीन फिरताना ऐकू येत होतं. तिच्या घरात मशीन कुठून —
इमेज किती स्वच्छ आहे. मला एकही अशी कधी —

शुक्रवार
छातीची पाळी. अंथरुणातच आहे. इंदिराबाईंना मशीनचा आवाज ऐकू येत नाही. आम्ही पेशंटला सांगतो, तसंच सांगितलं हेमलताने, हळू, मायेने. श्वास रोखा.
रोखलाय.
सोडा म्हणून अजून —