बाराही तारा चढ्या

रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं कार्ड जुलैत आलं आणि मी उत्तराला आज बसते आहे. उशिराबद्दल माफी मागायला हवी, ती मागते. कामं होती, असं लिहिणार होते. पण तीन महिने पुरतील इतकी कामं मला कधीच नसतात, हे तुला माहीत आहे. तब्येत बरी. चष्म्याचा नंबर वाढला. प्रयोगशाळेत अजून पाण्याचे नमुने तपासून ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असे शिक्के मारते. खालच्या मजल्यावरच्या काकू अजूनही जिन्यात पकडून विचारतात, “भावाचं काही पत्र?” गेल्या आठवड्यात पहिल्यांदा “आलंय” म्हणाले, तर त्या भाजीची पिशवी तिथेच ठेवून पायरीवर बसल्या.

तू लिहिलंस, “ती गिटार विकून टाक. योग्य असेल ती किंमत घे. तुझ्यावर सोडतो.” तीन वाक्यं. नऊ वर्षांतलं तुझं पहिलं आणि सगळ्यात मोठं पत्र. आता त्या ‘योग्य’चं काय झालं ते सविस्तर सांगते. मला कमी शब्दांत सांगता येत नाही, हे गृहीत धर.

बारा तारांच्या जुन्या गिटारची किंमत कशी ठरवतात, मला काही कल्पना नव्हती. जाहिराती चाळल्या, कुणी आठ हजार मागतंय, कुणी साठ. शेवटी पेटी उचलून बाजारामागच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेले. पूर्वी ते फर्निचर करायचे, आता वाद्यं दुरुस्त करतात. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीवर मान नसलेली व्हायोलिनं आणि सगळीकडे सरसाचा वास. पेटी उघडल्यावर ते वाजवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तारांना हातच लावला नाही. आधी गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी आडवी धरून मानेवरून नजर टाकली. मग पोटावर पोलादी पट्टी उभी ठेवली. पट्टी मधल्या फुगवट्यावर टेकली आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसला.

“पोट सुटलंय,” ते म्हणाले.

मी नकळत पदर सावरला. ते हसले. “तुमचं नाही हो ताई, हिचं.”

मग त्यांनी वहीचा कागद फाडला आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीखाली, सरकवला. नखभर कागद सहज आत गेला. तो जायलाच नको म्हणे. मानेवरच्या बाराव्या पडद्याशी, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीशी, तारा इतक्या वर आल्या होत्या की खाली पेन्सिल मावली असती. शेवटी टिचक्या मारत सगळ्या लाकडावरून फिरले. एका जागी आवाज बद्द आला. आतली एक पट्टी सुटली होती.

“लाकूड उत्तम आहे,” ते म्हणाले. “कुठे तडा नाही, पडदे झिजलेले नाहीत, चाव्या मूळच्या. वाजवणारा जपून वाजवायचा. पण एवढी चढी कुणी ठेवली हिला? बारा तारांचा ताण म्हणजे गंमत आहे का? शहाणा माणूस ही दोन पडदे उतरवून लावतो आणि दुसऱ्या पडद्यावर चिमटा बसवून वाजवतो. वाजवायची नसेल तेव्हा तर अगदीच सैल. ही पूर्ण सुरात आहे. आणि नुकतीच लावलीय!”

“मीच लावते,” मी म्हणाले.

दादा, हे मला तुला सांगायचं नव्हतं. तू गेलास तेव्हा पेटीवर हात ठेवून “सांभाळ” एवढंच म्हणालास. मी सांभाळली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी उघडायची, मोबाईलवर सूर बघायचे आणि उतरलेली तार पुन्हा जागेवर आणायची. तू जिथे लावून गेलास, तिथेच. नऊ वर्षं, एकही महिना न चुकता. एक तार तुटली तेव्हा त्याच जाडीची मिळेपर्यंत चार दुकानं फिरले. मला वाटायचं, तू आलास की पेटी उघडशील आणि ती तुझ्याच सुरात असेल.

मिस्त्रींनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “माळ्यावर टाकून विसरला असतात ना ताई, तर हिला एवढं झालं नसतं.”

मग त्यांनी हिशेब मांडला. धडधाकट असती तर तीस हजार. ब्रिज काढून पुन्हा बसवायचा, मान उखडून तिचा कोन सुधारायचा, सुटलेली पट्टी चिकटवायची, याचे चौदा. घेणाऱ्याच्या जिवाला घोर, त्याचे चार. राहिले बारा. “तारेमागे हजार धरा,” म्हणाले. “आणि आज घरी गेल्यावर आधी तारा सोडा.”

याला आठ दिवस झाले. अजून सोडलेल्या नाहीत.

बुधवारी त्यांनी एक गिऱ्हाईक पाठवलं. दातांच्या डॉक्टरीणबाई, साठीच्या आसपास, दवाखाना आता सुनेच्या हाती दिलेला. लहान असताना शेजारच्या घरातून बारा तारांचा आवाज यायचा आणि तेव्हापासून डोक्यात बसलाय, म्हणाल्या. आल्या त्या पर्समध्ये दात बघायचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊनच! गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांच्या मधून आरसा आत घातला आणि म्हणाल्या, “आ करा.” मग स्वतःच हसत सुटल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. पोट, कागद, पेन्सिल, बद्द आवाज, माझे पहिले रविवार. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही गिटार विकताय की कबुलीजबाब देताय?” बारा हजार त्यांना मान्य होते. उठता उठता फक्त एक विचारलं: “सगळ्या तारा एकदम शेवटच्या कधी बदलल्या?”

साधा प्रश्न. मी म्हणाले, डायरीत बघून सांगते.

माझ्या डायऱ्या तुला आठवत असतील. तू चिडवायचास, शंकासुराचा दफ्तरखाना म्हणून. रोज एक पान, आणि तळाशी उद्याचं एक काम. झालं की बरोबरची खूण. तारा तू शेवटच्या बदलल्यास ते बाबांच्या आजारपणात, एवढं आठवत होतं, म्हणून त्या वर्षाची काढली. पान जसंच्या तसं उतरवते आहे.

“मंगळवार. ताप नाही. सकाळी अर्धी वाटी पेज, दुपारी काही नाही. दादाने गिटारच्या तारा बदलल्या. बाबांनी मला हाक मारून सांगितलं, त्याला म्हणावं चढी लाव, मला नीट ऐकू येत नाही, आणि दोन्ही दारं उघडी ठेव. सांगितलं. बाबा दीड तास डोळे मिटून ऐकत होते, बोटं चादरीवर चालत होती. उद्या: बाबा खूश आहेत हे दादाला सांगणे.”

पुढे खूण नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी बाबा गेले. आणि सगळे पाहुणे पांगल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी तुला म्हणाले, “बाबा तिकडे शेवटचे श्वास मोजत होते आणि तू इकडे मैफल लावून बसला होतास.” तू एक शब्द उलट बोलला नाहीस. गिटार पेटीत ठेवलीस. पुढचं तुला माहीत आहे.

इथे मी “विसरून गेले होते” असं लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसतच असेल. तुला चढी लाव म्हणून सांगायला मीच आले होते. माझ्याच पायांनी, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. इतक्या थोड्या दिवसांत असं कसं विसरेन?

खरं असं आहे. बाबा गेले त्या दुपारी तू वाजवत होतास आणि मी बाबांच्या उशाशी खुर्चीत होते. चार रात्रींचं जागरण होतं, पण ते कारण म्हणून सांगत नाही. मी झोपले. जागी झाले ती तुझं वाजवणं थांबलं म्हणून. तू दारात उभा होतास. तू बाबांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. ते गेले तेव्हा मी झोपले होते हे तू पाहिलंस आणि कुणालाही, कधीही सांगितलं नाहीस. मला ते सहन झालं नाही. तू तोंड उघडण्याआधी मी उघडलं. तू उघडणारच नव्हतास, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्या क्षणी बाबांच्या कानात काय होतं, याचा विचार मी गेले चार दिवस करते आहे. मी नव्हते. तू होतास. दोन्ही दारं उघडी होती.

तेव्हा उशिरा का होईना, नऊ वर्षांपूर्वीचं काम करते: दादा, बाबा खूश होते. त्यांची बोटं चादरीवर चालत होती. मी पाहिलं होतं.

आता गिटारचं. योग्य किंमत बारा हजार, आणि ती का, हे वर लिहिलं आहे. डॉक्टरीणबाईंना मी तारखेसोबत थोडं बाकीचंही सांगितलं. त्या फोनवर म्हणाल्या, “भावाला आधी कळवा. इतकी वर्षं थांबले, अजून महिनाभर थांबते. नाही म्हणाला तरी रागावणार नाही; पण मग वाजवायला ये म्हणावं त्याला, फी म्हणून दात फुकट बघीन.” तू विक म्हणालास तर त्यांना देईन, हात चांगले आहेत त्यांचे. नको म्हणालास तर चौदा हजार मी घालते आणि मिस्त्रींकडे टाकते. दुखणं माझ्या हातचं आहे. तू बोलायचं नाही, असं ठरवलंस तरी एका कार्डावर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं टाक. मी वाट बघेन. आणि मला माफ कर, असं मी सांगत नाही. ते तू ठरव.

तारा अजून तशाच आहेत. हे पत्र लिहून होईपर्यंत त्या तू लावल्यास तिथेच असाव्यात, असं वाटलं. बाबांसाठी चढवलेल्या होत्या त्या. आता कुणासाठी ताणून धरू?

तुझीच,
शंकासुर

उद्या: कामावर जाण्यापूर्वी तारा सैल करणे. बाराही.